गोधडीला लवदार, मऊ पाठ कशी लावावी

गोधडी बघणाऱ्याचं लक्ष वरच्या तुकड्यांकडे जातं, पण पांघरणाऱ्याच्या अंगाला लागते ती तिची पाठ. आपल्याकडे ही पाठ बहुतेक जुन्या सुती लुगड्याची नाहीतर धोतराची असायची. वर्षानुवर्षं धुऊन त्या कापडातली खळ कधीच गेलेली असे, आटायचं तेवढं आटून झालेलं असे, त्यामुळे ते अंगालाही मऊ लागे आणि सुईलाही त्रास देत नसे. आता बहुतेक घरांत तशी लुगडी उरलेली नाहीत. म्हणून गोधडी शिवणारे पाठीसाठी फ्लॅनेल, फ्लीस, मिंकी, शेर्पा अशी बाजारातली मऊ कापडं घेतात, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. नीट शिवलेली लवदार पाठीची गोधडी थंडीत इतकी सुखाची असते की घरात तिच्यावरून ओढाताण होते.

अडचण असते ती शिवताना. हात सुती कापडाला सरावलेला असतो. तोच हिशेब लवदार कापडाला लावला की ते ताणलं जातं, सरकतं, आणि गोधडी उलटून पाहिली की पाठीला चुण्या पडलेल्या दिसतात. माझं सांगणं एवढंच आहे, की पाठीला लवदार कापड घ्यायचं ठरलं की माप, मधला थर, टाक्यांचं अंतर, कड हे सगळं पाठीच्या तंत्राने ठरवायचं. आधी वरचा भाग हौसेने जोडून काढायचा आणि मग त्याला पाठ शोधत बाजारात जायचं, हा क्रम इथे उलटा करावा लागतो.

आधी पांघरणारा कोण ते ठरवा

मुंबईत, कोकणात, गोव्यात बारा महिने घाम येतो. तिथे पॉलिस्टरची लवदार पाठ एसीच्या खोलीबाहेर सोसवत नाही, कारण पॉलिस्टर घाम शोषत नाही. तिथल्या घरासाठी सुती फ्लॅनेल किंवा दुहेरी मलमल घ्या. नाशिक, महाबळेश्वरची थंडी, विदर्भातला डिसेंबर-जानेवारी, किंवा परदेशातल्या मुलाला-सुनेला पाठवायची गोधडी असेल तर फ्लीस आणि मिंकी अगदी योग्य. विदर्भातल्या कोरड्या थंडीत पॉलिस्टरचं पांघरूण अंधारात झटकलं की चटचट ठिणग्या दिसतात. ती स्थिर वीज असते, त्याने काही बिघडत नाही. काहींना मात्र ते सहन होत नाही, त्यांच्यासाठी फ्लॅनेल बरं.

बाळासाठी दुपटं शिवत असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, सल्ला असा आहे की एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी, गुबगुबीत काही ठेवू नये, कारण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. तेव्हा मऊ पाठीचं दुपटं जागेपणी खाली अंथरायला, मांडीवर घेताना, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर वापरायचं. नातवंडासाठी पाठवताना हे त्याच्या आईवडिलांनाही सांगा. लांब केसांचं, टेडी बनवायला वापरतात ते फरचं कापड बाळासाठी घेऊच नका, केस सुटून तोंडात जातात.

ज्या घरात शेगडी, चूल, निरांजन झोपायच्या जागेजवळ असतं तिथेही पॉलिस्टरची पाठ नको. सूत जळतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

कापडं आणि त्यांचे स्वभाव

फ्लॅनेल हे विणलेलं सुती कापड. त्याचा पृष्ठभाग ब्रशने उचकटून मऊ केलेला असतो. ते ताणत नाही, म्हणून पहिल्यांदाच लवदार पाठ लावणाऱ्याने यापासूनच सुरुवात करावी. खोड एकच, ते आटतं. साध्या सुती कापडाचं आटणं साधारण 3 ते 5 टक्के धरतात, फ्लॅनेल कधी त्याहूनही जास्त आटतं. 90 इंच लांबीवर 3 टक्के म्हणजे जवळपास पावणेतीन इंच! त्यामुळे फ्लॅनेल शिवण्याआधी कोमट पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून घ्यायचंच.

फ्लीस म्हणजे होजियरीसारखं विणलेलं, दोन्ही बाजूंनी लव काढलेलं पॉलिस्टर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने 1979 मध्ये ते आणलं, आणि आज आपल्याकडे रस्त्यावरच्या स्वेटरवाल्यापासून सगळ्यांकडे ते दिसतं. ते आटत नाही आणि कापलेल्या कडेला त्याचे धागे सुटत नाहीत. आडवं ताणलं की थोडं ताणतं आणि त्याची कड उलट्या बाजूला गुंडाळली जाते. याच गुंडाळीवरून सुलट-उलट ओळखता येतं. वापरून वापरून हलक्या फ्लीसच्या गोळ्या होतात. म्हणून दुकानात ‘अँटी पिलिंग’ असं सांगून मागा आणि तळहाताने एकाच जागी जोरात घासून बघा.

मिंकीची लव फ्लीसपेक्षा लांब, गुळगुळीत आणि एका दिशेची असते. आपल्याकडे दुकानदार तिला मिंक, वेलबोआ किंवा नुसतं ‘सॉफ्ट टॉयचं कापड’ म्हणूनही दाखवतात, नावावर अवलंबून राहू नका. साधी, सपाट मिंकी शिवायला सोपी. ठिपके उठवलेली दिसायला छान असते, पण ती बहुधा पातळ असते आणि जास्त ताणते, शिवाय ठिपक्यांची रांग वाकडी गेली की लगेच डोळ्यांत भरते. मेंढीच्या लोकरीसारखं कुरळं शेर्पा ऊबदार खरं, पण जाड असल्याने हाताने टाके घालायला फार कष्टाचं. ते मशीनवाल्यांनी घ्यावं. मखमलीचं मी पाठीसाठी सुचवत नाही. टाक्याच्या जागी तिची लव दबून राहते.

निवडताना तीन गोष्टी पाहा. कापडाचा 4 इंचाचा भाग दोन चिमटीत धरून आडवा ताणा. तो 5 इंचांच्या पुढे सहज गेला तर ते कापड सध्या ठेवून द्या, हात बसल्यावर घ्या. मग कापड दुमडून घडीवरची लव फाकवा. खालची जाळी उघडी दिसत असेल तर विरळ माल आहे, दोन वर्षांत टक्कल पडेल. शेवटी जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. 52 बाय 84 इंचांची गोधडी म्हणजे सुमारे 2.8 चौरस मीटर. 250 जीएसएमचं कापड लावलं तर नुसत्या पाठीचं वजन 700 ग्रॅम, 400 जीएसएमचं लावलं तर 1100 ग्रॅमच्या थोडं वर. त्यात वरचा आणि मधला थर, आणि धुताना शोषलेलं पाणी धरा. घरात बादलीत धुणाऱ्यांनी 300 च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

पुण्यात रविवार पेठेतल्या कापडगंजात, मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये अशी कापडं थानातून कापून मिळतात. लहान गावात मिळाली नाहीत तर एक सोपी वाट आहे. एसी ब्लँकेट म्हणून जे एकपदरी फ्लीसचं पांघरूण मिळतं तेच पाठ म्हणून वापरा. सिंगलची साधारण 60 बाय 90 इंचांची असतात, म्हणजे जोड द्यावा लागत नाही, आणि सुटं कापड घेण्यापेक्षा बरेचदा स्वस्तही पडतं. मात्र त्याच्या चारी कडांची दुमडलेली शिवण आधी कापून टाका. ती शिवण कापडाला ओढून धरते, आणि तशीच ठेवली तर पाठ कधीच सपाट अंथरली जात नाही. दुपदरी मिंक ब्लँकेट, पानिपतच्या कारखान्यांतून येतात ती जाडजूड, या कामाची नाहीत. सुई जात नाही आणि ओली झाली की उचलत नाहीत.

माप पन्ह्यावरून ठरवा

बहुतेक फ्लीस आणि मिंकीचा पन्हा 58 ते 60 इंच असतो. दोन्हीकडची किनार कापून टाकायची, कारण ती घट्ट असते. हाताशी 58 इंच उरले असं धरा. शिवताना पाठ वरच्या भागापेक्षा प्रत्येक बाजूला किमान 3 इंच मोठी हवी. म्हणजे वरचा भाग 52 इंच रुंद ठेवला की पाठीला जोड लागत नाही. 36 इंची कॉटवर ही गोधडी दोन्ही बाजूंना 8-8 इंच खाली उतरते, एका माणसाला भरपूर झाली. लांबी 84 इंच ठेवा, पाठीला 90 इंच लागेल, आणि कापड अडीच मीटर घ्या. उरलेली पट्टी टाकू नका, तिचा उपयोग शेवटी सांगते.

डबलची गोधडी हवी असेल तर जोड आलाच. तो बरोबर मधोमध घेऊ नका. घडी नेहमी मध्यावर पडते आणि शिवण तिथेच झिजते. 90 इंच रुंदीच्या गोधडीला पाठ 96 इंच लागते. एक पूर्ण 58 इंचांचा पन्हा घ्या आणि त्याला 39 इंचांची पट्टी जोडा. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, गेली की बरोबर 96 उरतात. सुती कापडाला आपण पाव इंच माया ठेवतो, इथे अर्धा इंचच ठेवायची, कारण कड गुंडाळली जाते आणि पाव इंच हातातून निसटतो.

जोडताना दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. तळहात फिरवून बघा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती सुलट लव, उलट गेला की रंग गडद दिसतो आणि लव उभी राहते. सुलट लव डोक्याकडून पायाकडे ठेवा. प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने एक बाण काढून ठेवला की गोंधळ होत नाही. तुकडे एकदा कापले की उजेडाशिवाय फरक कळत नाही आणि जोडल्यावर मात्र दोन वेगळ्या रंगांची कापडं जोडल्यासारखं दिसतं. कापडाची जी बाजू जास्त ताणते ती गोधडीच्या रुंदीकडे घ्या, लांबीकडे नको. टांगून वाळवताना ती खाली लोंबत जाते.

मिंकी कापताना घरभर लव उडते. त्याला उपाय आहे. कापड लव खाली करून पसरा, रेघ उलट्या बाजूला आखा आणि कात्रीच्या टोकाने फक्त खालची वीण कापत जा, लव कापू नका. मग दोन्ही बाजू हळूच ओढून वेगळ्या करा. कापलेल्या कडा लगेच अंगणात किंवा गॅलरीत झटका, नाहीतर कडांवर रुंद चिकटपट्टी लावून ओढून काढा. त्यानंतर कडांवर झिगझॅग किंवा ओव्हरलॉक करून घेतलं तर पुढचं काम स्वच्छ होतं. ज्यांना धुळीचा दमा आहे त्यांनी हे काम नाकाला रुमाल बांधून करावं.

मधला थर: जुनी सुती साडी

इथे माझं मत ठाम आहे. लवदार पाठीच्या गोधडीत कापूस किंवा जाड पॉलीफिल, म्हणजे पॉलिस्टरचं फुगीर भरण, भरू नका. ऊब पाठीतच असते. त्यात जाड भरण घातलं की गोधडी ताठ होते, घडी होत नाही, आणि लवदार कापडाचा मऊ, लोंबता पडण्याचा गुण संपून जातो. मधे फक्त जुनी सुती साडी किंवा विरलेली चादर एकेरी घाला.

या साडीचं काम ऊब देणं एवढंच नाही. पाठ ताणणारी, वरचा भाग न ताणणारा, आणि या दोघांच्या मधे न ताणणारं, आधीच आटलेलं सुती कापड आलं की ते पाठीला धरून ठेवतं. टाका तीन थरांतून जातो आणि पाठीची वीण त्या साडीला बांधली जाते. साडी शिवायला घेण्याआधी उजेडासमोर धरून पाहा. जिथे जाळी झाली असेल तो भाग वगळा, काठ कापून टाका. काठ आणि अंग वेगवेगळं आटलेलं असतं, म्हणून काठासकट साडी सपाट पसरत नाही. काठ वरच्या भागाच्या कामाला येतील.

वरच्या भागासाठी नवी सुती कापडं वापरणार असाल तर ती सगळी आधी धुवा. पॉलिस्टरची पाठ आटणार नाही, वरचं सूत आटेल, आणि पहिल्या धुण्यानंतर वर चुण्या आणि खाली झोळ अशी गत होईल. गडद लाल, मरून, निळं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग लागत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवा, आणि तरीही सुटत असेल तर ते कापड या गोधडीत नको. पांढऱ्या मिंकीवर आलेला डाग निघत नाही. वरचा भाग पूर्ण जोडून झाला की त्याला इस्त्री आत्ताच करून घ्या. तिन्ही थर एकत्र आले की गरम इस्त्री बंद, कारण उष्णतेने लव चपटी होते आणि ती पुन्हा उठत नाही.

थर अंथरणं

सगळं काम या पायरीवर तरतं किंवा बिघडतं, म्हणून घाई करू नका. मोकळी, स्वच्छ पुसलेली फरशी लागते. सतरंजी किंवा गालिचा चालत नाही, लव त्यात अडकते आणि कापड मोकळं पसरत नाही.

पाठीचं कापड लव खाली करून फरशीवर टाका आणि तासभर तसंच पडू द्या. थानातून आलेलं कापड गुंडाळून ताणलेलं असतं, ते आपोआप सैल होतं. मग मध्यापासून कडेकडे तळहाताने सपाट करा. हाताने ओढायचं नाही, नुसतं सपाट करायचं. फरक कसा ओळखायचा? कडेला चिमटीने उचलून सोडा. कापड होतं तिथेच राहिलं तर बरोबर, आत सरकलं तर तुम्ही ताणलंय. ताणलेली पाठ शिवली की शिवून उचलल्यावर ती आपल्या मापावर परत जाते आणि वरचा भाग फुगतो. सगळ्या चुण्यांचं मूळ बहुतेक इथेच असतं.

कापड सपाट झालं की चारी कडा रुंद मास्किंग टेपने फरशीला चिकटवा, आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग कोपरे. त्यावर साडी, त्यावर वरचा भाग. प्रत्येक थर घडी करून मधोमध ठेवा आणि दोन्हीकडे उलगडत जा, म्हणजे खालचा थर हलत नाही.

आता कच्चे टाके. साध्या गोधडीला वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले तरी चालतात. इथे चार बोटांवर घाला, उभे आणि आडवे दोन्ही, मध्यापासून सुरू करून कडेकडे. सेफ्टी पिना वापरायच्या तर त्याही तेवढ्याच दाट, आणि गंजलेली एकही नको. टाचण्या वापरू नका, त्या लवेत बुडून हरवतात आणि पुढे कधीतरी अंगाला टोचतात. कंटाळवाणं काम आहे, जोडीला कुणी असेल तर निम्म्या वेळात होतं.

टाके

अनेकजणी गोधडी कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत येतात. लवदार पाठीला हे करू नका, सगळा सैलपणा मध्यावर येऊन साठतो आणि तिथे फुगा राहतो. मध्यावरून सुरू करा, एक उभी आणि एक आडवी ओळ घाला, मग एकेक चतकोर भाग कडेपर्यंत पूर्ण करत जा.

हाताने शिवताना 7 किंवा 8 नंबरची सुई बरी, फार जाड सुई विणीला भोक पाडते. दोरा 8 नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळदार सुती दोरा, घ्या, साधं रीळ एकेरी घेतलं तर ते लवकर तुटतं. धावदोऱ्याचा टाका पाव इंचाच्या आसपास ठेवा. यापेक्षा बारीक टाका लवेत दिसतही नाही आणि सुईही जात नाही.

टाका पाठीपर्यंत गेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण लव त्याला झाकून टाकते. त्यासाठी खालच्या हाताचं मधलं बोट सतत गोधडीखाली ठेवायचं. सुई खाली आली की बोटाला आधी एक बोथट दाब लागतो, ती अजून साडीतच असते. मग लवेतून टोक येतं आणि नखाजवळ हलकं टुचकतं. ते लागल्याशिवाय सुई वर वळवायची नाही. सुरुवातीला प्रत्येक ओळ संपली की गोधडी उलटून, लवेवरून उलट्या दिशेने हात फिरवा. लव उभी राहते आणि टाक्यांची रेघ उघडी पडते. मधे कुठे रेघ तुटली असेल तर तिथे टाका सुटलाय. दोऱ्याखाली अडकलेली लव बोथट सुईने किंवा जुन्या टूथब्रशने मोकळी करा, पाठ पुन्हा सलग दिसते.

दोरा घट्ट ओढू नका. पाठ ताणणारी आहे. झोपेत कुणी पांघरूण ओढलं की कापड लांबतं आणि घट्ट दोरा तुटतो. म्हणून प्रत्येक ओळ झाली की दोन्ही टोकं धरून ती ओळ हलकी ताणा, दोरा जेवढा आत जाईल तेवढा जाऊ द्या आणि मगच गाठ मारा. गाठ पाठीच्या बाजूला, आधी दोन उलट टाके घेऊन. लवेत ती दिसत नाही आणि टोचतही नाही.

ओळींतलं अंतर किती? सुती गोधडीत अर्ध्या-एक इंचावर ओळी असतात आणि त्यातच तिचं सौंदर्य आहे. इथे तेवढी दाट शिवण घातली तर मऊपणासाठी घेतलेलं कापड ताठ पुठ्ठ्यासारखं होतं. अडीच ते तीन इंच अंतर पुरे. दाट शिवणीची हौस असेल तर वरचा भाग आणि साडी एवढे दोनच थर आधी दाट शिवून घ्या, आणि मग पाठ लावून तिन्ही थरांतून मोजक्या ओळी घाला. नक्षीही राहते, पाठही मऊ राहते. वेळ जास्त लागतो, पण खास माणसासाठी गोधडी असेल तर मी हेच सुचवीन.

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी थोडक्यात. होजियरीची, गोल टोकाची 14 नंबरची सुई घाला. टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा ठेवा. मशीनला वॉकिंग फूट बसत असेल तर तोच लावा, तो वरचा आणि खालचा थर एकाच वेगाने पुढे नेतो. घरची काळी पायमशीन असेल तर डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा, नाहीतर दात खालच्या कापडाला पुढे खेचत राहतात. सुती आणि लवदार कापड एकमेकांना जोडायचं असेल तेव्हा लवदार नेहमी खाली. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका, शेजारी खुर्ची लावा. आणि दर दोन-चार ओळींनी बॉबिनची पेटी उघडून ब्रशने लव साफ करा, तेलाबरोबर ती तिथे लगद्यासारखी बसते.

कड

टाके पूर्ण झाल्यावरच पाठीची वाढीव कड कापा. कापण्याआधी वरच्या भागाच्या कडेपासून पाव इंच आत सगळीकडून एक मोठ्या टाक्याची शिवण फिरवून घ्या, तीन थर एकमेकांवरून सरकत नाहीत.

कडेला सुती कापडाची पट्टी सगळ्यात टिकाऊ. सरळ कडेला सरळ पट्टी चालते, कोपरे गोल केले असतील तर उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी हवी. एरवी अडीच इंच पट्टी दुमडून लावतात, इथे जाडीमुळे 3 इंच घ्या. मायेच्या भागातली पाठीची लव कात्रीने आधी भादरून घ्या, विशेषतः कोपऱ्यात. एवढ्या एका कामाने कोपरे चपटे आणि टोकदार येतात. पट्टी आधी वरच्या बाजूने मशीनवर शिवा, मागे दुमडून हाताने तुरपा.

दुसरा मार्ग म्हणजे पाठच पुढे दुमडून आणायची. मिंकीची दीड इंचाची गुबगुबीत चौकट वरच्या भागाभोवती फार सुरेख दिसते. फ्लीसला दुमडलेली कड आत घ्यायचीही गरज नसते, धागे सुटत नाहीत. पण रोज वापरायच्या गोधडीची कडच आधी झिजते, आणि अशी कड बदलता येत नाही. पट्टी मात्र आठ-दहा वर्षांनी उसवून नवी लावता येते.

बाळाच्या छोट्या दुपट्याला पिशवी पद्धत सोपी. दोन्ही सुलट बाजू आत करून चारी बाजूंनी शिवा, 10 इंच उघडं ठेवा, उलटवा, उघडी जागा तुरपा आणि मधे चार-सहा ठिकाणी पक्के टाके घाला. टाके मारण्यासाठी मणी, बटणं काही वापरू नका.

धुणं आणि डागडुजी

पहिलं धुणं एकट्या गोधडीचं. त्यात बरीच लव सुटते, ती इतर कपड्यांना चिकटते. गार किंवा जेमतेम कोमट पाणी, सौम्य द्रव साबण. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर लवेवर बसतो आणि ती चिकट, जड लागू लागते. ब्लीच नको, आणि दगडावर आपटणं, ब्रशने घासणं अजिबात नको. बादलीत धुताना पायाने हलकं तुडवलं तरी मळ निघतो. पिळ देऊ नका. काठावर घडी घालून पाणी निथळू द्या, मशीनमध्ये शेवटचा पिळणीचा फेरा हलका ठेवा.

वाळवताना एकाच दोरीवर टाकली तर ओलं वजन पाठीला ओढतं. दोन दोऱ्यांवर पसरून टाका, लवदार बाजू वर करून, सावलीत. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण मधली साडी ओली राहते. वरून कोरडी वाटली तरी दोन थर चिमटीत धरून बघा, गारवा लागला तर अजून वाळू द्या. पावसाळ्याआधी कडकडीत वाळवून सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून साडीला बुरशीचे ठिपके पडतात.

धुताना पॉलिस्टरमधून बारीक तंतू सुटून पाण्यात जातात, हे खरं आहे. ज्यांना ते खटकतं त्यांनी फ्लॅनेलच घ्यावं. फ्लीस घेतलं असेल तर उगाच वरचेवर धुऊ नका, उन्हात नव्हे पण वाऱ्यावर झटकून टाकली तरी गोधडी ताजी होते.

आणि ती उरलेली पट्टी. पाठीला कधी ठिणगीचं भोक पडलं, कुठे उसवलं, तर त्याच पट्टीतून ठिगळ कापायचं. भोकापेक्षा सगळीकडून एक इंच मोठं, कोपरे गोल, लवेची दिशा पाठीसारखीच. कडेची लव भादरून ठिगळ बारीक टाक्यांनी लावा आणि लव त्यावरून विंचरून घ्या. दुसऱ्या थानातलं कापड हुबेहूब त्याच रंगाचं असलं तरी त्याची लव कमी-जास्त उंच निघते आणि ठिगळ लांबून ओळखू येतं. म्हणून ती पट्टी गोधडीबरोबरच धुवा आणि तिच्याच पिशवीत ठेवा, म्हणजे तिचा रंगही गोधडीबरोबरच उतरत जाईल.